पालथा हात

चांदपाशाला त्यात मिळून मिळून काय मिळालं असतं, याचा हिशेब बद्रीनाथनं शफीकच्या पंक्चरच्या दुकानासमोर उभ्या उभ्या करून टाकला. स्कूटरचं मागचं चाक निघून परत बसेपर्यंत पंधरा मिनिटं हातात होती, आणि रिकामी पंधरा मिनिटं बद्रीनाथला कधी सोसलेली नाहीत. उस्मानपुऱ्याच्या त्या कोपऱ्यावर जानेवारीचं ऊन नुकतं कुठं भिंतीवरून खाली उतरत होतं. शफीकनं ट्यूब फुगवली, पाण्याच्या घमेल्यात फिरवली, बुडबुडा सापडला तिथं खुणेची फुली मारली आणि बसायच्या खोक्याखालून रबराची एक पट्टी ओढून तिच्यावरचं प्लॅस्टिक सोललं. निळं प्लॅस्टिक, त्यावर बारीक शंकरपाळ्यांची नक्षी. सोलताना चर्र आवाज झाला. हा आवाज तो बावीस वर्षं ऐकत होता, पण इथं, रस्त्यावर, रिक्षाच्या धुरात नव्हे. भाजीवाल्याच्या टोपल्यात अचानक आपल्या घरचा गणपती दिसावा तसं त्याला झालं. ते त्यांचं रबर होतं. तो आणि चांदपाशा जिथं कारखान्यांचे पट्टे जोडायचे, त्या चिकलठाण्याच्या वर्कशॉपमधलं, थंड खोलीत ठेवायचं, तारीख बघून काढायचं कच्चं रबर. वासावरूनसुद्धा त्यानं ओळखलं असतं.

"हे रबर कुठलं रे?" त्यानं शक्य तितक्या आळसावलेल्या आवाजात विचारलं.

"मिलता है, चच्चा."

"कुठं मिळतं? बाजारात नाय मिळत असलं."

"बाजारात मिळत नाय म्हणून तर चांगलं हाय." शफीक हसला. "चिकलठाण्यावरून येतं. कंपनीतलेच लोकं देतेत."

"कोण लोकं?"

"अब नाम कायकू बतावूं? तुमी पंक्चर काढायला आले का चौकशीला?"

शफीकचं घर चांदपाशाच्या गल्लीत, चांदपाशाच्या दारापासून चौथं. हे बद्रीनाथला माहीत होतं, कारण दर ईदेला तो त्या गल्लीत शीरखुर्मा प्यायला जायचा. हिशेबाची पहिली ओळ ती झाली. दुसरी ओळ अशी, की थंड खोलीची किल्ली दोघांकडंच असायची, एक त्याच्याकडं आणि एक चांदपाशाकडं. तिसरीही एक ओळ होती. ती बद्रीनाथनं मनातल्या मनातसुद्धा उच्चारली नाही, नुसती जागा मोकळी सोडली. पण शफीकचं नाव आणि चांदपाशाचं नाव शेजारी शेजारी ठेवल्यावर त्या मोकळ्या जागेत काय बसतं, ते त्याला न उच्चारताही कळत होतं. बद्रीनाथ स्वतःला अशा बाबतीत फार स्वच्छ समजायचा. शीरखुर्म्याची वाटी तो दोनदा मागून घ्यायचा, ते काय उगाच?

आता मिळकतीची बाजू. पंक्चरवाला रबराचे देऊन देऊन किती देणार? चांदपाशासारखा माणूस तेवढ्यासाठी बावीस वर्षांची इज्जत घालवील, हे बद्रीनाथला पटेना, आणि पटेना म्हणून बरं वाटायचं ते सोडून तो आणखी खोल शिरला. मोठी गोष्ट होती ती खुर्ची. तात्यासाहेबांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, संक्रांतीला तिळगूळ देताना दोघांनाही एकदम सांगितलं होतं, की तुमच्यातल्या एकाला आता बाहेरगावी पाठवायचं नाही. वर्कशॉपात टेबल-खुर्ची टाकून जोड तपासायला बसवायचं. "कोण ते ह्या वीजकेंद्राच्या कामानंतर सांगतो," असं म्हणून ते हसले होते, जणू दोन पोरांपुढं एक बत्तासा धरलाय. चांदपाशाचे गुडघे गेले होते. पट्ट्यावर उकिडवं बसून बसून त्यांच्यातून आता सुक्या शेंगांसारखा आवाज यायचा. बद्रीनाथची छाती गेली होती. सोल्युशनच्या वाफांनी सकाळी अर्धा तास खोकल्याशिवाय त्याला शब्द फुटत नसे. चोपन्न वर्षांच्या दोन माणसांना एक खुर्ची. मग समजा, बद्रीनाथनं हिशेब पुढं ओढला, समजा चांदपाशानं ताजं रबर शफीकला दिलं आणि त्याच्या जागी तारीख गेलेलं रबर निळ्या प्लॅस्टिकात गुंडाळून ठेवलं. ते रबर पट्टा जोडताना नेमकं बद्रीनाथच्या बाजूला गेलं. त्याची बाजू फुटली. खुर्ची कोणाला मिळाली? हिशेब जरा ताणून बसवलेला होता, पण बद्रीनाथला बेरीज जमली की आकड्यांची जात विचारायची सवय नव्हती. शफीकला पैसे देताना त्यानं नोट दोनदा उलटून पाहिली, जणू तीही खोटी असेल.

घरी सरूबाईनं चहा ठेवला तेव्हा तो भिंतीकडं बघत बसला होता. "चांदभाई चोरी करत असतील?" त्यानं विचारलं. ती पोळ्या लाटत होती. "कशाची?" ती म्हणाली. "रबराची." ती हसली. "गेल्या वर्षी तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा ते डबा घेऊन चार जिने चढायचे. त्या गुडघ्यांनी. त्यांनी तुमचं काय न्यायचं राहिलंय?" हे वाक्य बायकोनं त्याच्या बाजूनं टाकलं होतं की चांदपाशाच्या, ते त्याला ठरवता येईना. शेवटी त्यानं ठरवलं, की डबा आणणारा माणूसच घरात काय कुठं ठेवलंय ते बघून जातो. संशयाला एकदा चहा पाजला की तो असा पाहुण्यासारखा पाय पसरतो, आणि मग घरातलं प्रत्येक भांडं त्याच्या कामाला येतं.

वीजकेंद्राचा कोळसा वाहणारा पट्टा फाटला होता. हा पट्टा कापडाचा नव्हे. त्याच्या पोटात पोलादी तारांचा एक थर असतो, लांबीभर शेजारी शेजारी झोपलेल्या ऐंशी तारा, वरखाली रबर. फाटका भाग कापून टाकायचा, दोन्ही टोकांचं रबर सोलून तारा उघड्या करायच्या, आणि मग दोन पंजांची बोटं एकमेकांत घालावीत तशा या टोकाच्या तारा त्या टोकाच्या तारांमध्ये एकाआड एक बसवायच्या. तार तारेला लागली की जोड गेला. प्रत्येक दोन तारांमध्ये रबराची शेवई पाहिजेच, म्हणजे ओढ लागली की तारा एकमेकींना कापत नाहीत, मधलं रबर दोघींना धरून ठेवतं. सगळ्या तारा एकदम कोणी बसवत नाही. मधली तार आधी, मग तिच्यापासून एका मिस्त्रीनं उजवीकडं सरकत जायचं, दुसऱ्यानं डावीकडं, पाठीला पाठ; कडेला पोचेपर्यंत तोंड दिसत नाही, फक्त ऐकू येतं. उजवी बाजू बद्रीनाथची, डावी चांदपाशाची, बावीस वर्षं. वर पांढऱ्या ताडपत्रीचा तंबू, कारण बाहेर कोळशाची भुकटी उडते आणि एक कण आत गेला तरी रबर रुसतं. तंबूच्या दाराशी चपला काढायच्या, हात साबणानं धुवायचे, नवे मोजे घालायचे. तारांना आणि रबराला सोल्युशन फासायचं, ते वाळू द्यायचं, मग वरून रबराची चादर, मग प्रेसच्या तापत्या प्लेटांमध्ये तासभर दाबून शिजवायचं. शिजलं की दोन टोकं एक होतात आणि मग ती सोडवणारा कोणी जन्माला यायचाय.

वाळणं हीच खरी पायरी. सोल्युशन वरून कोरडं दिसतं आणि आत ओलं असतं. तसंच प्रेसमध्ये गेलं तर त्याची वाफ होते आणि जोडाच्या पोटात फोड येतो. ते कळायला घड्याळ चालत नाही. हाताची बोटं चालत नाहीत, त्यांना घाम असतो. पालथा हात लावायचा, बोटांच्या सांध्यांवरची पातळ कातडी हलकेच टेकवायची आणि उचलायची. कातडी रबराला जरा म्हणून ओढली गेली, तर थांबायचं. या कामात दोघांच्या उस्तादानं एक नियम घालून दिला होता: आपलं आपण तपासायचं नाही. बद्रीनाथच्या बाजूला पालथा हात चांदपाशाचा, चांदपाशाच्या बाजूला बद्रीनाथचा. आपल्या हातचं काम आपल्याला नेहमी वाळलेलंच वाटतं, म्हणून. आणि नंतर फोड निघाला तर उस्ताद लावणाऱ्याला बोलायचा नाही. ज्यानं हात फिरवून 'वाळलं' म्हटलं त्याला बोलायचा. कामाच्या कागदावरही तसेच रकाने होते: लावणारा, पास करणारा. एकदा सोल्युशनचे हात झाले की पेन चिकटतो, कागद चिकटतो, म्हणून सगळ्या रकान्यांत सह्या सकाळी कोरड्या हातानंच करून टाकायच्या, ही मात्र उस्तादाची नव्हे, दोघांची स्वतःची सवय. त्या सकाळीही चांदपाशानं आपल्या वळणदार अक्षरात सह्या केल्या, कागद बद्रीनाथकडं सरकवला, आणि म्हणाला, "ले भाई, आपलं लगीन परत एकदा रजिस्टर झालं."

बद्रीनाथ हसला नाही. त्यानं आधी रबराचे सगळे रोल उघडले. तारखा पाहिल्या. तारखा बरोबर. प्लॅस्टिक सोलून वास घेतला, फडक्यावर सोल्युशन घेऊन कोपरे पुसून पाहिले. रबर ताजं, नवं, अंगठा ठेवला तर सुटायला तयार नाही. इथं संशय संपायला हवा होता. पण बद्रीनाथला उलट थोडी फसवणूक झाल्यासारखं वाटलं, जणू ठरलेला चोर वेळेवर आला नाही. रोल चांगले आहेत, म्हणजे तो सावध झालाय. शफीकनं त्याला सांगितलं असणार. मग हात दुसरीकडं मारणार, कुठं? तारा बसवताना? मान वळवून वळवून बद्रीनाथ मागं बघू लागला. चांदपाशाची पाठ, तिच्यावर घामाचा नकाशा, गुडघे वाजल्याचा आवाज, आणि मधूनच त्याचं ते जुनं पुटपुटणं, प्रत्येक तारेला आकडा, "सत्तावीस... अठ्ठावीस... आ जा बेटा, यहाँ सो जा." बावीस वर्षं हे पुटपुटणं बद्रीनाथला झोपवायचं, आज ते काहीतरी झाकायला केल्यासारखं वाटलं. मागं बघताना त्याच्या स्वतःच्या तारा वाकड्या जात होत्या आणि त्या परत उचलून बसवाव्या लागत होत्या. थंडी होती. तंबूत सोल्युशनच्या वासानं डोकं हलकं व्हायचं आणि त्या हलकेपणात त्याला अधूनमधून वाफ दिसायची, पहाटेच्या परसातली, तांब्याच्या कडांवरून उठणारी.

ती वाफ पैठणची होती. अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली तेव्हा बद्रीनाथ सहा वर्षांचा होता. बाप मागावर रेशीम मांडायचा. हजार धाग्यांत एक तुटला तर अंधारातही बोटानं सापडायचा. शेजारी सगीराबी राहायची, तिचा राहत नावाचा पोरगा बद्रीनाथच्याच वयाचा. त्या दिवसांत जिवाच्या भीतीनं ती पोराला घेऊन भावाकडं निघून गेली, आणि जायच्या आधी एक मोठी तांब्याची देग, लग्नाच्या जेवणावळीची, तिनं यांच्या परसात आणून ठेवली. "आवडाबाई, एवढी सांभाळा. आल्यावर नेते," असं ती आईला म्हणाली होती. दोन हिवाळे त्या देगीत यांच्या घरचं अंघोळीचं पाणी तापलं. ऊन पाणी अंगावर घेताना बद्रीनाथला वाटायचं, असं ऊन पाणी आपल्या आधीच्या हंड्यात कधी व्हायचं नाही. मग एका सकाळी सगीराबी परत आली, दारात उभी राहिली, आणि बाप म्हणाला, "कसली देग?" इतक्या सहज म्हणाला, की क्षणभर बद्रीनाथलाच वाटलं, खरंच कसली? मागं परसात लाकडं तडतडत होती. राहतनं बद्रीनाथकडं पाहिलं. नुसतं पाहिलं, कारण वाफ दोघांनाही दिसत होती. बद्रीनाथ अंघोळ करून आलेला होता, त्याचे केस ओले होते, आणि त्यानं खाली बघितलं. ती माणसं गेली. गंमत अशी, की त्या दिवसापासून बाप परसाच्या दाराला कुलूप लावू लागला. "त्या घरावर नजर ठेवा," असं घरात सांगू लागला. "त्या लोकांचं लक्ष असतं." बद्रीनाथनंही नजर ठेवली. पुढं मोठेपणी त्याला एवढंच आठवायचं, की शेजाऱ्यांवर नजर ठेवावी लागे. कशासाठी ठेवावी लागे, ते तो मुद्दाम काढून बघत नसे.

"बद्री, हो गया?" पाठीमागून आवाज आला. चांदपाशा कडेला पोचला होता. दोघांनी सोल्युशनचा शेवटचा हात मारला आणि थांबले. एरवी या थांबण्यात ते तंबूबाहेर चहा प्यायचे. आज बद्रीनाथ तंबूतच बसला. वेळ झाल्यावर त्यानं चांदपाशाच्या बाजूला पालथा हात फिरवला. कोरडं. परत फिरवला, कडेला, मध्ये, तारांच्या टोकांशी. कोरडं. तिसऱ्यांदा फिरवला तेव्हा चांदपाशा त्याच्याकडं बघत होता. चौथ्यांदा हात टेकवल्यावर चांदपाशा म्हणाला, "अरे, नाडी बघतोस का माझी?"

"थंडी हाय. उशिरा वाळतं."

"व्हय. मग सरक, तुझं बघू दे." तो गुडघ्यावर हात टेकून उजव्या बाजूला यायला लागला.

"माझं मी बघतो," बद्रीनाथ म्हणाला.

चांदपाशा अर्धा वाकलेला होता, तसाच राहिला. इतका वेळ तसं राहणं त्याच्या गुडघ्यांना परवडणारं नव्हतं. "तू बघतो?"

"म्हटलं ना. बघितलंय मी. वाळलंय."

खरं तर त्यानं बघितलं नव्हतं. सगळा वेळ तो डाव्या बाजूकडं बघत होता. आता त्यानं घाईनं पालथा हात आपल्या बाजूला टेकवला, चांदपाशाला दिसेल असा, आणि उचलला. कातडी किंचित ओढली गेली का? गेली असेल, नसेलही. चार वेळा दुसऱ्याच्या बाजूला फिरून ती कातडी आता सोल्युशननं बधिर झाली होती. आणि ती ओढली गेली असं कबूल करायचं, तर चांदपाशापुढं थांबा म्हणावं लागणार होतं. आजच्या दिवशी, जेव्हा खुर्ची... "वाळलंय," तो परत म्हणाला. चांदपाशा सावकाश सरळ झाला. त्यानं वरची चादर उचलायला हात पुढं केला. दोघांनी चादर पसरली, प्रेस ओढली, बोल्ट आवळले, पाण्याचा दाब चढवला, आणि बटण दाबलं. प्लेटा तापू लागल्या.

आता तासभर करण्यासारखं काही नव्हतं. कच्चं परत काढता येत नाही. प्रेस अर्ध्यात उघडली तर सगळाच जोड फुलून वाया जातो. दोघं तंबूबाहेर उन्हात बसले. चहा आला. चांदपाशानं बशीत ओतून फुंकर मारली आणि बशीकडं बघतच विचारलं, "काय झालं रे? सकाळपासून माझ्या मागं मागं बघतोयस."

बद्रीनाथला सांगायचं नव्हतं, पण चहा गरम होता, ऊन पाठीवर होतं, आणि संशय एकट्यानं वाहून त्याचे खांदे दुखत होते. "शफीककडं आपलं रबर हाय," तो म्हणाला आणि चांदपाशाच्या तोंडाकडं रोखून बघू लागला.

तोंडावर काहीच फुटलं नाही. मग चांदपाशा हसला, आधी थोडा, मग बशी खाली ठेवून मोठ्यानं. "ते? अरे बाबा, ते आशाबाईचं!"

"कोण आशाबाई?"

"आपली झाडूवाली आशाबाई! तूच नाय का तिला दिले दोन रोल? दिवाळीच्या आधी. तारीख गेलेले. कापून जाळायचे होते; तू म्हणला, धूर माझ्या छातीला सोसत नाय, घेऊन जा, छपरावर टाक. कागदावर 'जाळले' म्हणून सही ठोकली तू. तिनं काय छपरावर टाकलं नाय, शफीकला दिलं. मला म्हणली, भाऊ, मिस्त्रीला सांगू नका, रागवतील. म्हटलं, नाय सांगत."

बद्रीनाथला दोन रोल आठवले. आशाबाईच्या डोक्यावरचं निळं प्लॅस्टिक उन्हात चमकलेलं आठवलं, आणि तेव्हा आपण किती मोठ्या मनाचे आहोत असं वाटलेलं, तेही आठवलं. चोर शोधताना त्यानं दोन किल्ल्या मोजल्या होत्या आणि एकच माणूस. स्वतःची नोंद त्याच्या हिशेबात कुठंच नव्हती.

"तात्यासाहेबाला कळलं असतं तर तुझीच सही होती ना," चांदपाशा म्हणाला. "म्हणून मी गप." मग त्याचं हसू हळूहळू उतरत गेलं, बशीतला चहा जमिनीत जिरावा तसं. त्यानं तंबूकडं पाहिलं. "म्हणून चार वेळा हात फिरवलास तू."

बद्रीनाथनं चहाचा कप खाली ठेवला.

"आणि मला फिरवू दिला नाय." प्रेसचा दाब धरून ठेवणारा पंप आत गुरगुरत होता. "बद्री, खरं सांग. वाळलं होतं?"

"वाळलं होतं," बद्रीनाथ म्हणाला.

"मग ठीक हाय," चांदपाशा म्हणाला, आणि पहिल्यांदाच दोघं एकमेकांकडं न बघता एका दिशेला बघत बसले. तास संपेपर्यंत बद्रीनाथ आपल्या उजव्या हाताच्या सांध्यांवरून डाव्या हाताचा अंगठा फिरवत होता. कातडी ओढली गेली होती का? त्याला ते आठवत होतं आणि आठवत नव्हतं. जितकं जास्त आठवायला जावं तितकी ती कातडी सात-आठ वर्षांच्या पोराची व्हायची, ओली, ऊन, नुकती न्हालेली.

दुपारी जोड थंड करून प्रेस उघडली. तात्यासाहेब आले होते, वीजकेंद्राचा साहेब आला होता. पट्टा काळाभोर, गुळगुळीत, शिवण कुठं होती ते सांगता येऊ नये असा. तात्यासाहेबांनी स्वतः हातोडी घेतली, छोटी, लाकडी मुठीची, आणि डाव्या कडेपासून ठोकत निघाले. ठण. ठण. ठण. डावी बाजू सरली. मधली तार ओलांडली. ठण. ठण. बद्रीनाथचा श्वास हातोडीच्या मागून चालत होता. उजव्या कडेपासून वीतभर आत हातोडी म्हणाली, ढब. तात्यासाहेबांनी तिथंच परत ठोकलं. ढब. आजूबाजूला ठोकत त्यांनी खडूनं एक गोल काढला, ताटलीएवढा, आणि उभे राहिले. वीजकेंद्राचा साहेब घड्याळाकडं बघून निघून गेला. जोड कापून परत करायचा म्हणजे आणखी दीड दिवस पट्टा बंद. तात्यासाहेब ओरडले नाहीत. ओरडायचे नाहीत ते. त्यांनी कामाचा कागद मागवला.

"उजव्या बाजूवर हात कुणाचा?" त्यांनी विचारलं. कागद त्यांच्या हातात होता, तरी विचारलं.

उत्तर एका वाक्याचं होतं. हात कुणाचाच नाही, तात्यासाहेब, मी फिरवू दिला नाही. बद्रीनाथनं ते वाक्य तयार केलं. ते त्याच्या जिभेवर आलं, सगळे शब्द रांगेत, तार तारेला लागलेली नाही. तेवढ्यात त्याला खोकला आला. खरा खोकला होता. बद्रीनाथनं पुढं कितीदा तरी स्वतःला शपथेवर सांगितलं, की खरा होता. तो खोकत असताना चांदपाशानं त्याच्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. थांबला. खोकला संपेपर्यंत थांबला, आणि संपल्यावरही एक श्वास थांबला, जणू दारात उभं राहून आत कोणी ओ देतंय का ते ऐकतोय. बद्रीनाथनं खाली बघितलं. त्याचे मोजे स्वच्छ होते.

"सही माझी हाय," चांदपाशा म्हणाला.

"सही दिसतीय मला. हात फिरवला होतास?"

"सही हाय म्हणल्यावर..." एवढं म्हणून चांदपाशा गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली बसला आणि सुरी घेऊन खडूचा गोल कापायला लागला.

दीड दिवसात दोघांनी नवा जोड केला. न बोलता केला, आकडे न पुटपुटता, आणि उस्तादाच्या नियमाप्रमाणे प्रत्येकानं दुसऱ्याच्या बाजूला एकदाच हात फिरवला. तो जोड अजून फिरतो आहे. मार्चमध्ये खुर्ची बद्रीनाथला मिळाली. चांदपाशाला तात्यासाहेबांनी काढलं नाही, फक्त पुढच्या कामाला झारखंडला जाशील का म्हणून विचारलं, आणि चांदपाशानं आपल्या गुडघ्यांकडं बघून नाही म्हटलं, तेवढ्यावर त्याचं काम सुटलं. त्यानंतर वर्कशॉपात बद्रीनाथ टेबलाशी बसून हातोडीनं नमुन्यांचे जोड ठोकतो. ठण आलं की लिहितो, ढब आलं की लिहितो, आणि बऱ्याचदा काय आलं ते नक्की न कळल्यानं परत ठोकतो. हिवाळ्यात अंघोळीचं पाणी आता त्याला गार लागतं. सरूबाई म्हणते, बंब तोच आहे, पाणी तितकंच तापतं.

त्याच वर्षी, डिसेंबरात, त्याच्या स्कूटरचं तेच चाक बसलं. वाटेत दोन दुकानं होती. तरी ढकलत ढकलत तो उस्मानपुऱ्याला आला. शफीक नव्हता. खोक्यावर चांदपाशा बसला होता, पाय लांब पसरून, कारण आता ते दुमडत नव्हते. त्यानं मान वर केली, "आव, मिस्त्री," म्हणाला, आणि चाक काढायला लागला. बुडबुडा सापडला. ट्यूब घासून त्यानं सोल्युशन लावलं आणि ती दोघांच्या मध्ये धरून वाळायची वाट बघत राहिला. रस्त्यावरून एसटी गेली, पैठणची. धूळ येऊ नये म्हणून चांदपाशानं ट्यूबवर हाताचा आडोसा केला.

"बघ," मग तो म्हणाला. "माझं मी नाय बघत."

बद्रीनाथनं पालथा हात टेकवला. कोरडं होतं. अगदी कोरडं, कधीचंच वाळलेलं. त्यानं हात उचलला नाही. ते वाक्य अजून होतं, वर्षभर तसंच रांगेत उभं. आता इथं कोणी तात्यासाहेब नव्हते, खुर्चीही कुठं जाणार नव्हती. "चांदपाशा," तो म्हणाला.

"वाळलं का, ते सांग."

"वाळलं."

चांदपाशानं पट्टीवरचं निळं प्लॅस्टिक सोललं.

म्हणजे झालं असं. वीजकेंद्राचा दीड दिवस गेला, तो त्यांनी कोळशाच्या ढिगातून भरून काढला. तात्यासाहेबांचं एका जोडाचं रबर गेलं, ते त्यांनी पुढच्या कामाच्या दरात लावून घेतलं. सगीराबीची देग गेली, तिची विचारणा तिनं एकदाच केली आणि परत आली नाही. आशाबाईचं छप्पर गळायचं ते गळतंच. खुर्ची, गुडघे, बावीस वर्षांची सही, हे सगळं चांदपाशाकडून गेलं. बद्रीनाथकडं कोणी काही मागितलंच नाही. चाक बसवून झाल्यावर त्यानं खिशात हात घातला, नोट काढली, पुढं धरली. चांदपाशानं तिच्याकडं पाहिलं, मग फडक्याला हात पुसत म्हणाला, "राहू दे. शफीकला मी देतो."

म्हणजे तेही त्यानंच भरलं.